दाढेजवळ हिरडी सुजून पू झाला. दातांच्या डॉक्टरपर्यंत पोचेस्तोवर उपकेंद्रात काय करावं?

उपकेंद्र_झरीकडचं

नमस्कार. यवतमाळ जिल्ह्यात तेलंगणाच्या सीमेकडे उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकारी आहे. कापूस वेचणी सुरू झाली की हिरडी सुजलेल्या बाया संध्याकाळीच येतात, दिवसाची मजुरी कोणी सोडत नाही. दातांचे डॉक्टर ग्रामीण रुग्णालयात, अंतर ३० किलोमीटर, सकाळची एसटी चुकली की दिवस गेला.

आजची केस सांगते. बाई, वय ४५ च्या आसपास. खालच्या जबड्यात डावीकडे, मागून दुसऱ्या दाढेत मोठा खड्डा. दाढ आधी रात्र-रात्र ठणकायची, मग आपोआप थांबली. आता तिच्या बाजूची हिरडी बोराएवढी टरारून आली आहे, गालही बाहेरून सुजला आहे. ताप १००.६. पोळ्यापासून ही तिसरी वेळ. आधी दोन्ही वेळा मेडिकलवरून गोळ्यांची पुडी आणली, दोन दिवसांत उतरलं. खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) खाते. घरचे म्हणतात विटेचा शेक देऊ, नाहीतर काट्यानं फोडून टाकू.

मला नेमकं हवंय ते असं: रात्रभर थांबवता येईल की नाही हे कशावरून ठरवायचं? दुखण्याला काय द्यायचं, किती? अँटिबायोटिक इथूनच सुरू करायचं का? आणि फोड मऊ लागतोय, तो फोडला तर बिघडतं काय?

दंतशल्य_वर्धा

ताई, आधी हे तपासा, बाकीचं मागाहून वाचा.

बाईला तोंड उघडायला सांगा आणि तिचीच दोन बोटं एकावर एक उभी धरून समोरच्या दातांमध्ये जातात का बघा. मग जीभ टाळूला लावायला सांगून जिभेखालची जागा टॉर्चनं पाहा, हातमोजा घालून बोटानं दाबा. ती मऊ, ओली लागायला हवी. लाकडासारखी कडक लागली, जीभ वर उचलली गेली असली, हनुवटीखाली दोन्ही बाजूंनी सूज असली, लाळ गिळता येत नसली, आवाज घोगरा झाला असला, झोपल्यावर दम लागत असला, यातलं एक जरी असलं तरी रात्रभर थांबायचं नाही. १०८ बोलवा, आणि बाईला बसवूनच न्या, आडवं करू नका. खालच्या मागच्या दाढांचा पू जबड्याच्या आतल्या बाजूनं जिभेखाली आणि गळ्याकडे उतरतो, श्वासाची वाट काही तासांत अरुंद होऊ शकते. वरच्या दातांचं असेल तर डोळ्याकडे लक्ष ठेवा. पापणी सुजून डोळा मिटत चालला, नाकाशेजारची घडी भरून सपाट झाली, तर तेही तातडीचं.

एक खबरदारी. खर्रा खाणाऱ्यांचं तोंड आधीपासूनच कमी उघडत असतं, आतली कातडी ताठरलेली असते. म्हणून "आज किती उघडतं" एवढ्यावर थांबू नका, "परवा किती उघडत होतं, भाकरीचा घास जात होता का" हेही विचारा. दोन दिवसांत कमी झालं असेल तर ते पुवामुळे.

आता पू येतो कुठून. तुम्ही लिहिलंय की दाढ ठणकून ठणकून आपोआप थांबली. तिथेच उत्तर आहे. दाढ थांबली म्हणजे आतली नस मेली. मेलेल्या नसेत जंतू वाढतात, मुळाच्या टोकातून हाडात उतरतात, हाड पोखरून हिरडीखाली येतात. हिरडी ही फक्त बाहेर पडायची वाट, घर दाढेच्या आत आहे. चमच्याच्या दांड्यानं आधी दुसऱ्या बाजूच्या चांगल्या दाढेवर हलकं टकटक करा म्हणजे बाईला फरक कळेल, मग या दाढेवर. इथे कळ मस्तकात गेली आणि सूज हिरडीच्या काठापासून खाली, मुळाकडे असेल, तर बहुतेक हेच.

पुड्यांनी दोनदा उतरलं आणि परत आलं, याचं कारणही यातच आहे. औषध रक्तातून जातं. मेलेल्या नसेत रक्त जात नाही, साचलेल्या पुवातही जात नाही. आजूबाजूची सूज ओसरते, ठणका थांबतो, आणि दाढेतला साठा जसाच्या तसा राहतो. पू बाहेर काढणं आणि दाढेचा निकाल लावणं, म्हणजे रूट कॅनल करणं किंवा दाढ काढणं, यावाचून हे मिटत नाही.

फोडायचं म्हणाल तर नको. बाभळीचा काटा असो की सुई, भोक बारीक पडतं, तासाभरात बुजतं, आणि बाहेरची घाण आत जाते ती वेगळी. खालच्या जबड्यात पुढच्या दाढांच्या मुळांजवळून ओठाची नस बाहेर येते, तिला लागलं तर अर्धा ओठ बधिर राहू शकतो. आम्ही भूल देऊन सर्वांत मऊ जागी एखाद सेंटिमीटरचा छेद घेतो, आत चिमटा घालून पुवाचे कप्पे मोकळे करतो आणि सलाईननं धुतो. कधी छेद न देता दाढच वरून उघडतो, पू तिथूनच येतो. आपोआप फुटलं तर फुटू द्या, बोटानं पिळू नका, मिठाच्या पाण्यानं गुळण्या करू द्या. फुटल्यावर दुखणं एकदम थांबतं आणि इथेच माणसं फसतात. दुखणं थांबलं ते दाब गेला म्हणून.

शेकाबद्दल: बाहेरून गरम वीट, गरम कपडा, लेप काही नको. उष्णतेनं तिथला रक्तपुरवठा वाढून सूज वाढते. पू गालाच्या कातडीकडे ओढला जातो असं आम्हाला शिकवलं जातं, आणि गालातून फुटलेल्या दाढेचा खळगा जन्मभर राहतो. माठाच्या पाण्यात भिजवून पिळलेला कपडा १० मिनिटं ठेवा, १० मिनिटं काढा. आतून मात्र कोमट चालतं: एका पेल्यात, साधारण २०० ते २५० मिली कोमट पाण्यात, अर्धा चहाचा चमचा मीठ. घोट तोंडात त्या बाजूला अर्धा मिनिट धरून थुंकायचा, दिवसातून चार-पाच वेळा, जेवणानंतर नक्की.

आधी तोंड किती उघडतं ते कळवा, आणि साखर तपासून कळवा.

उपकेंद्र_झरीकडचं

सर, दोन बोटं जेमतेम जातात. चार दिवसांपूर्वी तीन जात होती म्हणते. जिभेखाली मऊ आहे, गिळता येतं, आवाज साफ. टकटक केल्यावर हात पकडला. साखर जेवणानंतर दोन तासांनी २८६, याआधी कधी तपासलीच नव्हती. पेनिसिलिनची ॲलर्जी माहीत नाही.

दंतशल्य_वर्धा

मग उद्या सकाळची पहिली गाडी, परवा नाही. ताप, वाढती सूज, उघडणं कमी होत चाललंय आणि साखर वाढलेली, चारही आहेत. रात्री दहाला आणि पहाटे परत ती दोन बोटं बघायला घरच्यांना शिकवा. एकच बोट जाऊ लागलं किंवा गिळताना त्रास झाला तर पहाटेची वाट पाहायची नाही, रात्रीच १०८.

अशा वेळी, म्हणजे ताप आहे, सूज पसरते आहे किंवा साखर आहे तेव्हा, अँटिबायोटिकचा उपयोग आहे. तुमच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना आत्ता फोन लावा किंवा ई-संजीवनीवर (सरकारची ऑनलाइन डॉक्टरी सल्ल्याची सेवा) जोडून त्यांच्याकडून लिहून घ्या. मोठ्या माणसाला सहसा अमॉक्सिसिलिन (पेनिसिलिनच्याच गटातलं) ५०० मिलिग्रॅम दर ८ तासांनी असतं, तिसऱ्या दिवशी पुन्हा तपासून पुढचं ठरतं. आधी कधी गोळी किंवा इंजेक्शन घेतल्यावर अंगावर गांधी उठल्या का, ओठ सुजले का, दम लागला का, एवढं विचारल्याशिवाय पहिला डोस देऊ नका. ज्याला ताप नाही, गाल सुजलेला नाही, फक्त हिरडीवर फोड आहे आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टर मिळणार आहे, त्याला अँटिबायोटिक लागतच नाही.

साखर २८६ आहे म्हणून "आधी साखर आणा, मग दात" असं कोणी म्हटलं तर आग्रह धरा. दाढ काढणं दोन दिवस पुढे गेलं तरी चालेल, पू काढणं पुढे जाऊ नये. पू आत आहे तोवर साखर उतरायला मागत नाही.

दुसरं एक ऐकायला मिळेल: "सूज असताना दात काढता येत नाही." हे निम्मंच खरं आहे. पुवाच्या जागी आंबटपणा वाढलेला असतो, म्हणून तिथेच टोचलेली भूल नीट लागत नाही. पण खालच्या दाढेची भूल मागे, जबड्याच्या आतल्या बाजूला, सुजेपासून दूर देता येते. त्यामुळे अनेकदा त्याच दिवशी पू काढून दाढही काढता येते. तोंडच उघडत नसेल तर मात्र आधी पू, मग दाढ.

सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपर, तपासण्या, उपचार मोफत आहेत, बाईला पैशाची धास्ती असेल तर सांगा. दाढ वाचवायची ठरली आणि रूट कॅनल तिथे होत नसलं, तर नागपूरचं शासकीय दंत महाविद्यालय तिथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या आवारात आहे, वर्ध्याला सावंगी मेघे आणि अमरावतीलाही दंत महाविद्यालय आहे. मात्र रूट कॅनलला दोन-तीन खेपा लागू शकतात आणि वर टोपी बसवली नाही तर दाढ तडकते. तेवढ्या खेपा होणार नसतील तर काढून टाकलेली बरी, अर्धवट सोडलेली दाढ परत पू करते.

औषधनिर्माता_वणी

दुखण्याच्या गोळ्यांचं मी सांगतो, कारण सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो.

त्या पुडीत काय होतं ते कोणालाच माहीत नसतं. पट्टीतून कापून दिलेल्या तीन-चार गोळ्या, नावाचा भाग कापलेला. बऱ्याचदा एक दुखण्याची, एक ॲसिडिटीची, एक अँटिबायोटिकची, आणि एक बारीक पांढरी गोळी असते ती स्टिरॉइडची. स्टिरॉइडनं सूज चमत्कारासारखी उतरते, जंतू मात्र मोकळे सुटतात आणि साखर वाढते. त्या बाईची २८६ साखर बघता पुढच्या वेळी पुडी घेऊ नको, पूर्ण पट्टी माग, हे तिला स्पष्ट सांगा. अँटिबायोटिकचे दोनच डोस घेऊन सोडणं तर आणखी वाईट.

मोठ्या माणसाला पॅरासिटामॉल ५०० च्या दोन गोळ्या, दर सहा तासांनी, २४ तासांत ४ ग्रॅमच्या वर कधीच नाही. माणूस सडपातळ असेल, ५० किलोच्या आत असेल, तर एकावेळी एकच. रोज मोहाची किंवा देशी घेणाऱ्याला दिवसाला २ ग्रॅमच्या पुढे जाऊ नका, यकृताला झेपत नाही. एवढ्यानं भागलं नाही आणि पोटाचा अल्सर, किडनीचा त्रास, दमा, रक्त पातळ करायची गोळी, गरोदरपण यातलं काही नसेल, तर सोबत आयबुप्रोफेन ४००, जेवणानंतर, दिवसातून तीनदा. दोन्ही मिळून दातदुखीला एकट्या गोळीपेक्षा जास्त गुण येतो. साखर नव्यानं सापडलेल्या बाईची किडनी तपासलेली नसते, म्हणून तिला आज फक्त पॅरासिटामॉलवर ठेवा.

घोळ असा होतो की मेडिकलवरून आणलेल्या ॲसिक्लोफेनॅकच्या किंवा डायक्लोफेनॅकच्या गोळीत पॅरासिटामॉल आधीच मिसळलेलं असतं. लोक ती घेतात आणि वरून तापाची वेगळी घेतात. पट्टीच्या मागचं घटकांचं बारीक अक्षर वाचूनच मोजा.

मेट्रोनिडाझोल (हेही अँटिबायोटिकच) लिहून दिलं असेल तर दारू बंद, गोळ्या संपल्यावर आणखी तीन दिवस बंद. नाहीतर उलट्या, धडधड, चेहरा लाल, आणि माणूस म्हणतो गोळीच लागली नाही.

गोळी हिरडीवर ठेवून चघळायची नाही. ॲस्पिरिनची गोळी दाढेशी दाबून ठेवली की सकाळी तिथली कातडी पांढरी होऊन सोलून निघते. लवंगेचं तेलही हिरडीवर चोळू नका, भाजतं. दाढेच्या खड्ड्यात कापसाच्या बारीक बोळ्यावर एक थेंब एवढंच, आणि पू झालेल्या मेलेल्या दाढेत त्याचाही उपयोग नाही.

हिरडीरोग_नागपूर

वर सगळं दाढेतून आलेल्या पुवाबद्दल आहे आणि या बाईला ते बरोबर आहे. पण तुमच्याकडे येणाऱ्या प्रत्येकीचं तेच नसेल.

दाढेला खड्डा नाही, पण ती हलते, सूज हिरडीच्या अगदी काठाशी, आणि दाबलं की दात व हिरडीच्या फटीतून पू येतो, तर तो हिरडीच्या खिशातला पू. वर्षानुवर्षं दगडासारखा कीट साचून दात-हिरडीमध्ये खोल फट पडते, वरून तोंड बंद झालं की आत पू साचतो. तिथे रूट कॅनल करून काही मिळत नाही, फटीतून धुऊन, मुळावरचा कीट खरवडून काढावा लागतो. आज एका दाताला, पुढच्या महिन्यात दुसऱ्याला असं होत असेल तर पहिलं काम साखर तपासणं. तुम्ही आज जे केलंत ते प्रत्येक हिरडीच्या सुजेला करा, गावात मधुमेह असाच सापडतो.

मग हुरड्याच्या दिवसांतली सूज. काल ठीक होतं, आज दोन दातांमधली हिरडी लालबुंद, टोचल्यासारखी दुखते, दात दोन्ही चांगले. तिथे ज्वारीचं कुसळ किंवा तूस, कधी जवसाचा दाणा, हिरडीत घुसून बसलेला असतो. टॉर्च धरून नीट पाहिलं तर टोक दिसतं. दोऱ्याला गाठ न मारता दातांमधून खाली नेऊन बाहेरच्या बाजूला ओढून काढा, वरून झटका देऊ नका. निघालं तर दोन दिवसांत हिरडी बसते. काडेपेटीच्या काडीनं, साडीच्या पिनेनं कोरलं की ते आणखी आत जातं.

आणि १७ ते २५ वर्षांची पोरं-पोरी, सर्वांत मागे दुखतं, तोंड उघडेना, गिळताना कानात कळ. ती अर्धवट आलेली अक्कलदाढ. तिच्यावर हिरडीची झाकण असते, खाली अन्न कुजतं, आणि वरची दाढ त्या सुजलेल्या झाकणीला चावत राहते म्हणून बरं होत नाही. सुई काढलेल्या १० मिलीच्या सिरिंजनं कोमट मीठपाणी झाकणीखाली हलक्या दाबानं मारा, दिवसातून तीनदा. हे तुम्ही उपकेंद्रात करू शकता. दाढेचं काय करायचं ते एक्स-रे पाहून ठरतं.

क्लोरहेक्सिडीन (गुळण्यांचं जंतुनाशक औषध) ०.२ टक्के मिळत असेल तर १० मिली, एक मिनिट, दिवसातून दोनदा, टूथपेस्टनंतर अर्धा तास सोडून. दोन आठवड्यांच्या वर नको, दात तपकिरी होतात. सुजलेल्या भागाला ब्रश लावायचा नाही असं लोक समजतात. मऊ ब्रशनं तिथेही घासायचं, हळू.

गटप्रवर्तक_गडचिरोली

ताई, डॉक्टरसाहेबांनी औषधाचं सांगितलं, मी गावात काय होऊन राहिलं ते सांगते, कारण तुमच्यापर्यंत येण्याआधी पेशंटवर दोन प्रयोग झालेले असतात.

बिब्बा. दाढेवर नाहीतर गालावर बिब्ब्याचं तेल लावतात. त्यानं कातडी जळते, फोड येतात, काळे डाग पडतात, आणि मग आतली सूज कोणती अन् भाजल्याची कोणती हे डॉक्टरलाही लवकर कळत नाही. रुईचा चीकही तसाच, डोळ्याला हात लागला तर डोळ्यालाही धोका. लावलं असेल तर लपवू देऊ नका, साबणपाण्यानं धुवा आणि चिठ्ठीवर लिहा. रिंगणीच्या बियांचा धूर देऊन "कीड काढणारे" बाजारात बसतात. दातात अळी नसते, कीड म्हणजे दात सडणं. धुरानं घसा भाजतो आणि चार दिवस वाया जातात.

खर्ऱ्याची जागा बघाच. गालात जिथे गोळा धरतात त्या बाजूच्या हिरडीवर कडक गाठ, न दुखणारी, पांढरा किंवा लाल चट्टा, कारण नसताना हलणारे दात, दाढ काढल्यावर न भरणारा खड्डा. हे दोन आठवड्यांत गेलं नाही तर त्याला "हिरडी सुजली" म्हणून गोळ्या देत बसू नका, तुकडा तपासायला पाठवा. पुवाची सूज दुखते, गरम लागते, दोन-तीन दिवसांत वाढते. दुसरी तशी नसते.

सोबत चिठ्ठी द्या: कधीपासून, ताप किती, तोंड किती बोटं उघडतं, साखर, बीपी, गरोदर आहे का, कोणती गोळी किती वाजता, ॲलर्जी. पेशंट उपाशी पाठवू नका. भूल घेताना उपाशी माणसाला भोवळ येते, साखरेच्या गोळ्या घेणाऱ्याची साखर पडते. वरण-भात, नाहीतर ज्वारीची पातळ आंबील खाऊ घालून बसवा गाडीत. बीपीची गोळी चुकवायची नाही, रक्त पातळ करायची गोळी स्वतःहून बंद करायची नाही.

उपकेंद्र_झरीकडचं

वैद्यकीय अधिकाऱ्यांशी बोलून अमॉक्सिसिलिनचा पहिला डोस दिला, पॅरासिटामॉल दिलं, अर्धा तास बसवून ठेवलं, पुरळ नाही. जावयाला बोटांची तपासणी दाखवली, चिठ्ठी लिहिली. उद्या साडेसहाची गाडी. एक शेवटचं: दुधाच्या दाताजवळ असा फोड असला आणि मूल खेळतंय, तर थांबता येतं का? आणि गरोदर बाई असेल तर?

दंतशल्य_वर्धा

मुलाच्या हिरडीवर न दुखणारी पिवळी पुटकुळी येते-जाते, आई म्हणते दुधाचा दात आहे, पडेल. ती पुटकुळी म्हणजे पू वाहायची मोरी. वाहतोय म्हणून दुखत नाही. त्याच मुळांखाली पक्क्या दाताचा अंकुर असतो, पुवानं त्यावर डाग पडू शकतात, तो वाकडा येऊ शकतो. त्या आठवड्यात दाखवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत-अंगणवाडीत येतं, दातांचे आजार त्यांच्या यादीत आहेत, त्यांच्याकडून संदर्भचिठ्ठी घ्या. गाल सुजला किंवा ताप आला तर मात्र त्याच दिवशी, मुलांमध्ये सूज फार लवकर पसरते. पॅरासिटामॉल वजनावर, किलोला १५ मिलिग्रॅम, चार ते सहा तासांनी, दिवसात चारपेक्षा जास्त वेळा नाही. १२ किलोच्या मुलाला १८० मिलिग्रॅम, म्हणजे ५ मिलीत १२० असलेल्या सिरपचे साडेसात मिली. बाटलीवर ५ मिलीत २५० लिहिलं असेल तर तेच साडेसात मिली दुपटीहून जास्त होतं, म्हणून लेबल आधी. ॲस्पिरिन मुलांना नाही.

गरोदरपणात पॅरासिटामॉल चालतं, आयबुप्रोफेन नाही, डॉक्सिसायक्लिन नाही. चौथा ते सहावा महिना दातांच्या कामाला सोयीचा, पण पू झाला असेल तर महिना न पाहता काढायचा. साधी लिग्नोकेनची भूल बाळाला बाधत नाही, एक्स-रेला पोटावर शिशाचा एप्रन मागा. शेवटच्या महिन्यांत खुर्चीवर डाव्या कुशीकडे थोडं कलतं बसवायला सांगा, उताणं झोपवलं की तिला घाबरल्यासारखं होतं.

उद्या या बाईची दाढ काढली तर परत येताना एवढं बघा: कापसाची घडी पाऊण तास दाबून धरायची, २४ तास गुळण्या नाही, थुंकणं नाही, खर्रा नाही. मीठपाणी दुसऱ्या दिवसापासून. छेदात रबराची पट्टी सोडली असेल तर ती ओढून काढू नका, एक-दोन दिवसांनी डॉक्टरच काढतील. आणि आठ दिवसांनी उपाशीपोटीची साखर.